पृथ्वीचा आवाज

"काकू, इथं जरा रडा ना," हर्षवर्धन म्हणाला.

प्रेमलता ठोसरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हातातला कागद मांडीवर ठेवला. गोखिवऱ्याच्या त्या गाळ्यात पंखा बंद ठेवला होता, कारण त्याची घरघर टेपमध्ये येते. सगळीकडे थर्माकोलचा भुगा उडाला होता. समोर दोन बाकड्यांवर अर्धवट रंगवलेलं अंतराळयान पालथं पडलं होतं आणि त्याच्या शेपटीला काळा रंग फासत श्रीपत घरत उकिडवा बसला होता. एरवी या गाळ्यात खिडक्यांचे ग्रिल बनत, पण गणपतीच्या आधीचा महिना श्रीपत मंडळाच्या देखाव्याला वाहून घेई.

"मी कशाला रडू? इथं तर लिहिलंय, नियंत्रण कक्ष."

"हो, पण आतून रडायचं. दुसऱ्या हाकेला आवाज कापायला पाहिजे. तिसऱ्याला हुंदका. मग मी स्फोट टाकतो."

"स्फोट हाकांच्या नंतर झाला?"

"नाही, पण इफेक्ट म्हणून."

साल दोन हजार तीन. फेब्रुवारीत कोलंबिया यान परत येताना फुटलं, सातही जण गेले आणि त्यात आपल्या हरयाणाची कल्पना चावला होती. तेव्हाच श्रीपतने जाहीर केलं होतं की यंदा माणिकपूरच्या मंडळाचा देखावा हाच. यान तारेवरून सरकत येणार, धूर निघणार, दिवे जाणार आणि मागे चंद्रावर बसलेले बाप्पा उजळणार. सूत्रधाराचा आवाज हर्षवर्धनचा. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि सायबर कॅफेत बसून त्याने बरंच काय काय वाचून काढलं होतं. खालून हाका मारणारा आवाज मात्र प्रेमलताबाईंचा, आणि मंडपाबाहेरच्या फलकावर तसं रंगवायचंही ठरलं होतं : पृथ्वीचा आवाज, सौ. प्रेमलता ठोसर.

मंडळाने पहिला टेपरेकॉर्डर घेतला तेव्हापासून देखाव्यातला बाईचा आवाज त्यांचाच होता. त्यांनी सीता बोलली होती, जिजाबाई बोलली होती, एका वर्षी तर झाड होऊन कुऱ्हाडीला शाप दिला होता. त्या टेलिफोन खात्यात होत्या. ट्रंक कॉलच्या काळात वसईत त्यांचा चेहरा कोणाला माहीत नव्हता, आवाज मात्र घरोघरी माहीत होता. माणिकपूरच्या बाजारात एकदा त्यांनी नुसती "कोथिंबीर कशी दिली?" म्हटलं, तर शेजारी वांगी निवडणारा अनोळखी गृहस्थ वळून म्हणाला होता, "तुम्ही एक्स्चेंजच्या बाई ना? माझ्या मुलीचं लग्न तुम्ही जमवलंत." म्हणजे त्याचा सुरतेचा कॉल त्यांनी जोडून दिला होता.

"वहिनी," श्रीपत कुंचला डब्यात ठेवत म्हणाला, "गेल्या साली आपल्याला दुसरं बक्षीस कशावर मिळालं? हुंडाबळीवर. बाया पदर डोळ्याला लावून बाहेर पडत होत्या. पब्लिकला रडवलं की परीक्षक खूश. साधा हिशोब आहे."

"अरे हर्षवर्धन, ती खरी माणसं रडली होती का? ती जी खाली बसली होती?"

"तसं काही वाचलं नाही मी," हर्षवर्धन म्हणाला. खोटं बोलायची सवय त्याला अजून लागली नव्हती. "ते एकाच सुरात हाका मारत होते. उत्तर नाही, परत हाक. मग खबर आली की आकाशात तुकडे दिसतायत. मग तिथल्या मुख्य माणसानं सांगितलं, दारं बंद करा."

"दारं? कशाला?"

"म्हणजे कोणी बाहेर जायचं नाही, कोणाला फोन करायचा नाही. ज्याच्या समोर जे आकडे आहेत ते तसेच जपून ठेवायचे. पुढे चौकशीला लागतात."

प्रेमलताबाईंनी मांडीवरचा कागद उचलला. "हे का नाही लिहिलंस यात?"

"त्यात काय आहे काकू? दार बंद. पब्लिकला काय कळणार?"

"ते घाल. आणि मी रडणार नाही. आपण पुढच्या रविवारी टेप करू."

श्रीपतने हातातला थर्माकोलचा तुकडा उचलून उडवला. तो हवेत तरंगत भुग्यात जाऊन पडला. "पेपरात आलंय, टाकीवरचा असाच हलका तुकडा सुटून पंखावर आदळला होता म्हणे. एवढ्यानं यान पडतं? मला नाही पटत बुवा," तो म्हणाला, आणि पुन्हा शेपटीकडे वळला.

घरी आल्यावर त्यांनी कागद नवऱ्यासमोर टाकला. रमेश ठोसर विमा कचेरीत होते आणि सुट्टीच्या दिवशी बनियनवर बसून जगाचे प्रश्न सोडवत. खाली टँकर आला होता आणि सोसायटीच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. रमेशरावांना तेवढं निमित्त पुरे झालं.

"इथं प्यायचं पाणी टँकरनं येतंय, आणि हे चालले आभाळात. बरं जा. पण माणसं कशाला? यंत्र पाठवा. यंत्राला भूक नाही, श्वास नाही. मुख्य म्हणजे यंत्राला बायकापोरं नाहीत."

"आमच्या एक्स्चेंजमध्ये पण हेच म्हणाले होते."

"आणि खोटं काय होतं त्यात? आता फोन चटकन लागतो की नाही?"

लागत होता. प्रेमलताबाईंना ते मान्य होतं. स्वयंचलित एक्स्चेंज आलं, हाताने कॉल जोडायचा बोर्ड काढून नेला, आणि पूर्वी ज्या कॉलला दुपार जाई तो आता डायल फिरवताच लागू लागला. यंत्राशी त्यांचं भांडण नव्हतं. त्यांना तक्रारींच्या टेबलावर बसवलं होतं आणि लोक त्यांना सकाळपासून "आमचा फोन मेला" म्हणून ओरडत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांच्या आवाजाचं काम आता वर्षातून एकदाच निघे, गणपतीत. ते त्यांना मनापासून आवडे, हे त्या कोणाजवळ बोलत नसत इतकंच.

"तू रड म्हणतात तर रड की," रमेशराव म्हणाले. "नाटकच आहे ते. नाही म्हणालीस तर दुसरी आणतील. मग बसशील तोंड पाडून."

"एमिली येते दरवर्षी बघायला," प्रेमलताबाई म्हणाल्या.

 यावर रमेशरावांनी पेपर उघडला.

एमिली तुस्कानो वसईजवळच्या पापडीची. बोर्डावर दोघींच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. तिचा नवरा युजीन मालवाहू जहाजावर इंजिन विभागात होता. घरी फोन नव्हता, म्हणून बंदर लागलं की तो एक्स्चेंजलाच फोन करी आणि प्रेमलताबाई एमिलीला जोडून देत. ऑपरेटरने ऐकायचं नसतं, पण ऐकू येतं. युजीन बायकोला घरखर्चाचं विचारी, आईच्या दम्याचं विचारी आणि मग पाहिलेलं सांगत बसे. एका पावसाळ्यात, चौदा वर्षांपूर्वी, त्याच्या जहाजाशी संपर्क तुटला. कंपनी म्हणाली, शोध चालू आहे.

जहाजाला फोन थेट लागत नसे. मुंबईचं रेडिओ केंद्र जोडून घ्यायचं, ते जहाजाला हाक मारणार आणि काय झालं ते कळवणार. एमिली ड्युटी नसली तरी येऊन बसे आणि प्रेमलताबाई कॉल लावत. "बॉम्बे रेडिओ, वसई बोलतेय. त्या जहाजाची विचारणा आहे." पलीकडून येई, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सुपरवायझरने पाहून न पाहिल्यासारखं केलं. पावसाळा सरला तरी हे चालूच होतं. मग एका सकाळी एमिली आली, खुर्चीवर बसली नाही, उभ्यानेच म्हणाली, "आजपासून नको लावू." का ते तिने सांगितलं नाही आणि प्रेमलताबाईंनी विचारलं नाही. पुढे जहाज बुडाल्याचे कंपनीचे कागद आले, त्यावर दिराने सह्या केल्या. एमिलीने मात्र काळे कपडे घातले नाहीत आणि युजीनच्या नावाने चर्चमध्ये मृतांसाठीची मिस्साही सांगितली नाही. पापडीत त्यावर बरंच बोलून झालं होतं.

आता हाच आवाज, तशीच हाक, आणि तीही लाउडस्पीकरवर. समोर खुर्चीत एमिली.  पोरांचं ऐकून रडावं तर ते खोटं, आणि खऱ्यासारखं बोलावं तर ते एमिलीच्या जिव्हारी लागणार. शेवटी त्या सरळ पापडीला गेल्या.

एमिली पडवीत केळीच्या पानात सोनचाफ्याच्या कळ्या बांधत होती. बोर्ड गेल्यावर तिने नोकरी सोडली होती आणि सासरची वाडी बघत होती. सासू वारून चार वर्षं झाली होती.

"यंदा काय आहे तुमचं?" तिने विचारलं.

"अंतराळयान. ते कोलंबिया पडलं ना, ते."

"हं. तुला काय दिलं?"

"मी खाली असते. पृथ्वीवर. वरून उत्तर येत नाही, मी हाका मारते."

एमिलीचे हात थांबले नाहीत. एक पुडी बांधून तिने दुसरं पान घेतलं.

"म्हणून म्हटलं तुला सांगून यावं," प्रेमलताबाई म्हणाल्या. "यंदा नाही आलीस तरी मला राग नाही."

"पोरं काय म्हणतात?"

"रडा म्हणतात."

"आणि तू?"

"मला जमणार नाही."

"नकोच रडू," एमिली म्हणाली. "तू तेव्हा रडली असतीस ना प्रेमा, तर मी त्या खुर्चीतून उठले नसते. तू कशी लावायचीस कॉल? जसं काय कोणा शेठजीचा कारखान्याचा कॉल आहे. मी तुझ्या तोंडाकडे बघायची नाही, नुसती ऐकायची. वाटायचं, हिचा आवाज ठीक आहे, म्हणजे अजून सगळं ठीक आहे."

"म्हणजे मी तुला फसवलंच."

"हो. बरं केलंस." तिने दोऱ्याला गाठ मारली. "मी येणार. खुर्ची ठेव मला, गुडघे उभं राहू देत नाहीत. आणि या दोन पुड्या घेऊन जा, तुझ्या गणपतीला होतील."

पुढच्या रविवारी टेप झाली. प्रेमलताबाईंनी कागद हातात धरला पण पाहिला नाही. "कोलंबिया, पृथ्वीवरून बोलतेय. ऐकू येतंय का?" मग त्या थांबल्या. बोर्डावर जेवढं थांबत तेवढं थांबल्या, म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायला सवड मिळावी इतकं. पुन्हा तेच वाक्य, त्याच सुरात. असं पाच वेळा. शेवटी फक्त, "दारं बंद करा." हर्षवर्धनने टेप थांबवली. श्रीपतने डोकं खाजवलं. "वहिनी, मला आपलं बरं वाटलं. पण पब्लिकचं सांगता येत नाही. बघू," तो म्हणाला.

गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी मंडप भरला. रिक्षा स्टँडपर्यंत रांग होती. एमिली निळं पोलकं घालून, फुलाफुलांची साडी नेसून पहिल्या ओळीत खुर्चीवर बसली. तिच्या एका बाजूला रमेशराव, दुसऱ्या बाजूला प्रेमलताबाई. दिवे मंद झाले. हर्षवर्धनचा आवाज आला, त्याने सात जणांची नावं सांगितली, ते कशासाठी गेले होते ते सांगितलं, घरी परतायला काही मिनिटंच उरली होती हेही सांगितलं. यान तारेवरून निघालं. जरा वाकडं चाललं होतं पण चाललं. धूर आला. यान पडद्यामागे गेलं.

"कोलंबिया, पृथ्वीवरून बोलतेय. ऐकू येतंय का?"

मंडप शांत झाला. दुसऱ्या हाकेनंतरही शांत होता. तिसऱ्या हाकेनंतरच्या थांब्यात मागून कोणीतरी म्हणालं, "टेप अडकली वाटतं." दोघंतिघं हसले. एकाने शिट्टी मारली. चौथी हाक, पाचवी हाक. आवाज चढला नाही, उतरला नाही. आपलाच आवाज असा बाहेरून ऐकताना प्रेमलताबाईंना तो दुसऱ्या कोणा बाईचा वाटला, आणि त्या बाईची त्यांना दया आली. एमिलीकडे बघायचा धीर त्यांना झाला नाही.

"दारं बंद करा."

अंधार झाला. मग बाप्पा उजळले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. संपलं हेच लोकांना कळलं नव्हतं. श्रीपतचे कार्यकर्ते "चला, पुढे चला, प्रसाद घ्या" करू लागले आणि रांग हलली.

एमिली बसूनच होती. तिने हर्षवर्धनला बोटाने बोलावलं.

"हे शेवटचं, दारं बंद करा. हे खरंच म्हणाले?"

"हो आँटी. सगळ्या चौकशीत आहे ते."

"आणि तो जो म्हणाला, त्याला पुढे कोणी दोष दिला? की बाबा, तू हाका का बंद केल्यास?"

हर्षवर्धनला प्रश्नच नवा होता. "नाही आँटी. दोष बाकी पुष्कळांना दिला, तुकडा आदळलेला बघून गप्प बसले त्यांना. पण याला कसला दोष? कोणीतरी म्हणायलाच पाहिजे होतं ना. नाहीतर पुढचं काम कसं सुरू होणार?"

एमिलीने मान डोलावली आणि खुर्चीच्या हाताला धरून उठली.

स्टँडकडे जाताना रमेशरावांना राहवेना. गप्प राहणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. "एमिलीबाई, तुम्हीच सांगा. सात माणसं उगाच गेली. यंत्र पाठवलं असतं तर?"

"अहो," प्रेमलताबाई दबकून म्हणाल्या.

"विचारू दे ग," एमिली म्हणाली. "मी युजीनला विचारलं होतं, कशाला जातो? इथं वाडी आहे, केळी आहेत, विहिरीला पानी आहे. म्हणाला, बघायला. मला राग आला होता. मग एकदा त्यानं फोन केला, एडनहून का कुठून. सांगत होता, रात्री बोटीच्या मागं पानी पेटतं. हिरवं. बादलीत ओढून त्यात हात घातला तर हात पन चमकतो. म्हणाला, एमिली, मी अर्धा तास नुसता उभा होतो. आता ते यंत्रानं बघितलं असतं, लिहून पन ठेवलं असतं. पन ट्रंक कॉल लावून मला कोन सांगणार होतं?"

 "ते बरोबर आहे," रमेशराव म्हणाले. "पण परत यायला पाहिजे ना माणूस."

"पाहिजे," एमिली म्हणाली. "यायलाच पाहिजे."

मग रमेशराव रिक्षा बघायला पुढे गेले आणि दोघी मेडिकलच्या पायरीशी उभ्या राहिल्या. एमिली रस्त्याकडे बघत बोलू लागली.

"मी तुला नको लावू म्हटलं ना, ते सासूला कळलं. कोणी सांगितलं देव जाणे. ती म्हणाली, आई अजून हाक मारते आणि बायको थांबली. मरेपर्यंत म्हणायची. जेवायला बसली की म्हणायची. मला पन वाटायला लागलं, आपण अजून चार दिवस लावायला सांगितलं असतं तर? म्हणून मिस्सा नाही सांगितली मी. हाका बंद पन मीच करायच्या आणि गाडायचं पन मीच?"

प्रेमलताबाईंना इतक्या वर्षांत हे ठाऊक नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि मंडळाला हवं होतं ते रडू तिथे, मेडिकलच्या पायरीशी, कोणाच्याही उपयोगाचं नसताना आलं. "अगं, मी आणखी वर्षभर लावला असता," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. म्हणून तर मला म्हणायला लागलं."

रिक्षा आली. एमिली गुडघ्यावर हात दाबत आत बसली आणि पापडीला गेली.

दुसऱ्या दिवशी प्रेमलताबाई ऑफिसातून परतत होत्या तेव्हा त्यांना लांबूनच एका तरुण मुलीचं हमसून हमसून रडणं ऐकू आलं. "कोलंबिया! उत्तर द्या ना!" असं ती म्हणत होती. मग मोठा स्फोट, मग "सातही जण तारे झाले" असं काहीतरी आणि टाळ्यांचा कडकडाट. मंडपाच्या मागच्या बाजूला श्रीपत त्यांना बघून ओशाळला.

"वहिनी, राग मानू नका. पब्लिक म्हणालं टेप अडकली. कमिटीनं मुंबईहून एका मुलीकडून आधीच करून घेतली होती, मला पण काल सांगितलं. तुमची टेप आहे जपून."

प्रेमलताबाई उभ्या राहून एक खेळ पूर्ण ऐकत राहिल्या. त्यांना वाईट वाटलं. चांगलंच वाटलं. पण पोरगी वाईट नव्हती.

"छान रडते," त्या म्हणाल्या आणि घरी गेल्या.

फलक बदलायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. उरलेले सगळे दिवस बाहेर त्यांचं नाव आणि आत त्या मुलीचे हुंदके. सोसायटीतल्या बायका जिन्यात अडवून म्हणत, "काय रडलात हो ठोसरबाई! काळजाचं पाणी केलंत." सुरुवातीला त्यांनी दोघींना खरं सांगून पाहिलं, पण त्या दोघींनाही तो त्यांचा विनय वाटला. मग त्यांनी नाद सोडला. मंडळाला पहिलं बक्षीस मिळालं. सत्काराचा नारळ रमेशराव जाऊन घेऊन आले आणि त्याची दोन दिवस चटणी झाली. पुढच्या वर्षी आवाजाला मुंबईचीच मुलगी आणायची, हे विसर्जनाच्या रांगेतच ठरून गेलं.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर फोन वाजला. प्रेमलताबाई नेहमीचं "बोला" म्हणाल्या.

"फोन मेलेला नाही," एमिली म्हणाली. "येत्या रविवारी मृतांचा दिवस आहे आमचा. सकाळच्या मिस्सेला ये. रमेशभाऊंना पन आण."

पापडीच्या चर्चमध्ये ती दोघं मागच्या बाकावर बसली. लोक उठले की उठायचं, बसले की बसायचं, एवढं रमेशरावांनी धोरण ठेवलं होतं. पुढे एमिली दिसत होती. काळी साडी. ती तिला सवयीची नव्हती, पदर सारखा सावरत होती. वर्षभरात गेलेल्यांची आणि ज्यांच्यासाठी मिस्सा सांगितली होती त्यांची नावं फादर वाचत होते. आवाज संथ होता, सगळ्या नावांना सारखा. एकेका घराचं नाव आलं की त्या त्या बाकावर थोडी हालचाल होई.

"युजीन तुस्कानो," फादर म्हणाले. "आणि अंतराळातून घरी येताना मरण पावलेले सात प्रवासी."

बऱ्याच माना वळल्या. एक म्हातारी शेजारणीला "कोण ग, कोण?" म्हणून विचारू लागली. फादर थांबले नाहीत, पुढचं नाव घेतलं. शेवटी सगळे एकत्र म्हणाले, "हे प्रभू, त्यांना चिरशांती दे," आणि त्यात एमिलीचा आवाज प्रेमलताबाईंना वेगळा ओळखू आला. बोर्डावरचा होता.

मिस्सा झाल्यावर लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांकडे पांगले. फुलं, मेणबत्त्या, पोरांची पळापळ. युजीनचं थडगं नव्हतं. एमिली दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी गेली, ओंजळभर सोनचाफा ठेवला आणि पिशवीतून मेणबत्त्या काढून ओळीने लावू लागली. वारा होता. एक लावली की आधीची विझे. रमेशराव वाऱ्याच्या बाजूला जाऊन क्रुसाकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी आपला कोट फाकवून धरला.

"गेल्या महिन्यात चीननं पण एक माणूस पाठवला वर," ते तसेच उभ्या उभ्या म्हणाले. "पेपरात होतं."

एमिलीने वर पाहिलं. "आला परत?"

"आला."

"बरं झालं," एमिली म्हणाली, आणि तिने शेवटची मेणबत्ती पेटवली.